रेकॉर्डिंग बॉक्सवरचं बाहेरचं फर्मवेअर: बिघाड कोणत्या क्रमाने शोधायचा, आणि फ्लॅश कधी मारायचा

रेकॉर्डिंग अर्धवट आलं, बॉक्स लोगोवर अडकला किंवा हिरवा पडदा (सॉफ्टवेअर कोसळल्याची खूण) येऊन आपोआप पुन्हा सुरू झाला, की बहुतेक जण लगेच नवी इमेज, म्हणजे बॉक्स चालवणारं अख्खं फर्मवेअर, फ्लॅश करतात, म्हणजे आतल्या मेमरीत नव्याने लिहितात. त्यावर जुना बॅकअप जसाच्या तसा परत टाकतात आणि दोन दिवसांनी तोच बिघाड पुन्हा दारात उभा राहतो. दोष बहुतेक वेळा इमेजमध्ये नसतो. तो डिस्कमध्ये, अडॅप्टरमध्ये, घड्याळात किंवा त्या बॅकअपमध्येच असतो. म्हणून या लेखात फ्लॅशिंग शेवटाकडे आहे.

लेख एनिग्मा२ (उपग्रहावरच्या वाहिन्या दाखवणारं आणि रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर) वर चालणाऱ्या बॉक्सबद्दल आहे: व्हू प्लस, झेडजेमा, ऑक्टॅगॉन आणि त्यांच्या जातीचे, ज्यांवर ओपनएटीव्ही किंवा ओपनपीएलआय यांपैकी एखादी इमेज टाकलेली असते. उदाहरणं वडोदऱ्यातल्या घरांची, म्हणजे अगाशीवर डीडी फ्री डिशची एक छत्री, खाली दिवाणखान्यात बॉक्स, आणि आजीसाठी रोज सह्याद्रीच्या बातम्या रेकॉर्ड करायच्या. डिश कंपनीने दिलेल्या बॉक्सचा बूटलोडर (वीज येताच सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम) कुलूपबंद असतो, त्यावर हे प्रयोग करू नका. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या फुकट उघडण्याचे उद्योग बेकायदा आहेत, त्यांना इथे जागा नाही.

लिपीबद्दल एक सूचना: आज्ञा, फाइलींची नावं आणि फोल्डरचे पत्ते इथे देवनागरीत दिले आहेत. बॉक्सवर ते रोमन लिपीत टाकायचे. आज्ञा नेहमी लहान अक्षरांत. बॉक्समध्ये शिरायला टेलनेट किंवा एसएसएच (कॉम्प्युटरवरून बॉक्सला आज्ञा देण्याच्या दोन पद्धती) वापरा, वापरकर्त्याचं नाव 'रूट'. काही इमेजवर पासवर्ड नसतो, काहींवर आधी मेनूतून ठरवावा लागतो.

टप्पा १: छत्री आणि वीज आधी तपासा

ज्या वाहिनीचं रेकॉर्डिंग बिघडतं ती वाहिनी दहा मिनिटं थेट पाहा. थेट चित्रही फुटत असेल तर दोष अगाशीवर आहे आणि बॉक्समध्ये काहीही करून तो जाणार नाही. थेट चित्र स्वच्छ आणि रेकॉर्डिंग मात्र फुटलेलं, असं असेल तर टप्पा २ वर जा.

फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, ९३.५ अंश पूर्व. वडोदऱ्यातून छत्रीचं तोंड साधारण १३६ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमकं आग्नेयेला, आणि उंची ५५ अंशांच्या आसपास हवी. एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेलं, सिग्नल पकडणारं डोकं) स्वतःभोवती फिरवण्याचा पीळ सुमारे ४० अंश लागतो. हा पीळ शून्यावर ठेवून 'सिग्नल आहे पण चित्र अडकतं' म्हणणारे पुष्कळ आहेत.

आपल्याकडे दोन गोष्टी खास घडतात. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला अख्खा वाडा अगाशीवर असतो. १४-१५ जानेवारीनंतर एलएनबीच्या दांडीला दोरी गुंडाळलेली, केबल ओढली गेलेली किंवा कुणाच्या तरी कोपराने छत्री दोन अंश सरकलेली सापडते. दुसरी गोष्ट सूर्याची. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या थोडं आधी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या काही दिवसांत रोज काही मिनिटं सिग्नल बसतो आणि आपोआप परत येतो. या काळात फ्लॅश करून 'आता ठीक झालं' असं वाटणं साहजिक आहे, पण ठीक सूर्याने केलेलं असतं.

काही ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरून एकत्र येणारे वाहिन्यांचे गट) येतात आणि काही येतच नाहीत, असं असेल तर केबलची टोकं उघडा. बॉक्स एलएनबीला १३ आणि १८ व्होल्ट देऊन आडवं-उभं ध्रुवण निवडतो. टोकात पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं, व्होल्टेज वाटेत गळतं आणि एका बाजूच्या वाहिन्या गायब होतात. फ्री डिशवरच्या काही एमपीईजी-४ वाहिन्यांना अधिकृत बॉक्सच लागतो. त्या काळ्या दिसल्या तर तो बिघाड धरू नका.

आता अडॅप्टर. १२ व्होल्टचा अडॅप्टर तीन-चार उन्हाळे टीव्हीमागच्या कोंदट कप्प्यात काढतो आणि त्यातले कॅपॅसिटर थकतात. मोकळा मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो. बॉक्स सुरू होऊन डिस्क फिरायला लागली की ११ च्याही खाली बसतो. लक्षण म्हणजे लोगो येतो, जातो, पुन्हा येतो. म्हणून मल्टीमीटरने मोजायचं ते बॉक्स जोडलेला आणि सुरू होत असताना.

तपासा: घरातल्या इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. 'नॉर्मल'वर असेल तर लाइट गेल्यावर बॉक्स क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि चालू रेकॉर्डिंगचे दोन तुकडे होतात. बटण 'यूपीएस'वर न्या.

टप्पा २: डिस्क

निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच संपतात, म्हणून घाई नको.

*आधी वीज.* यूएसबी २.० चं भोक ५०० मिलिअँपिअरच्या हिशेबाने बनवलेलं असतं, ३.० चं ९०० च्या. अडीच इंची पोर्टेबल डिस्क फिरायला सुरुवात करताना याहून जास्त ओढू शकते. एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरं रेकॉर्डिंग पाहायला घेतलं की 'टिक' असा आवाज येतो आणि डिस्क गायब होते. उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब किंवा साडेतीन इंची डिस्कचा डॉक. केबल आखूड ठेवा.

*मग फॉरमॅट.* डिस्क बॉक्सच्या मेनूतूनच फॉरमॅट करा, ईएक्सटी४ मध्ये. कॉम्प्युटरवरून आणलेली एनटीएफएस डिस्क कधी चालते, कधी फक्त वाचता येते, आणि फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. जागेचा हिशेब सोपा: वाहिनीचा मेगाबिटमधला वेग गुणिले ०.४५ म्हणजे तासाला लागणारे जीबी. ३ मेगाबिटच्या साध्या वाहिनीला तासाला १.३५ जीबी, ८ मेगाबिटच्या एचडीला ३.६ जीबी.

*आणि आता खरी मेख.* एनिग्मा२ रेकॉर्डिंग /मीडिया/एचडीडी/मूव्ही या जागी ठेवतं. /मीडिया/एचडीडी हा बॉक्सच्या आतल्या मेमरीतला एक रिकामा फोल्डर असतो आणि डिस्क त्याच्यावर 'बसवली' जाते. बॉक्स सुरू होताना डिस्क उशिरा जागी झाली किंवा बसलीच नाही, तरी फोल्डर तिथेच असतो. नव्या इमेज अशा वेळी रेकॉर्डिंग बहुधा नाकारतात. जुन्या इमेज, टाइमशिफ्ट (थेट वाहिनी थांबवून नंतर पाहण्याची सोय) आणि काही प्लगिन (वरून टाकलेले जोड-प्रोग्राम) मात्र त्या फोल्डरमध्ये, म्हणजे बॉक्सच्या पोटातच लिहायला लागतात. व्हू प्लस सोलो२ ची आतली मेमरी सगळी मिळून २५६ एमबी. त्यात समजा ६० एमबी मोकळे आहेत. ३ मेगाबिटची वाहिनी मिनिटाला साडेबावीस एमबी खाते, म्हणजे तिसरं मिनिट पुरं व्हायच्या आत पोट भरलं. त्यानंतर बॉक्सला स्वतःची सेटिंगची फाइल लिहायलाही जागा उरत नाही. ती शून्य बाइटची होते आणि पुढच्या वेळी सुरू होताना बॉक्स भाषा विचारतो, जणू आजच पेटीतून काढलाय. लोक म्हणतात, 'फर्मवेअर उडालं.'

डिस्क पुन्हा नीट बसली की त्या पोटातल्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. दिसत नाहीत, पण जागा अडवून बसतात. त्या काढायच्या अशा:

१. रेकॉर्डिंग चालू नाही हे पाहा. 'इनिट ४' दिल्यावर टीव्हीवरचा मेनू बंद पडतो, टेलनेट चालू राहतं.

२. 'डीएफ -एच' द्या. शेवटच्या रकान्यात /मीडिया/एचडीडी दिसलं आणि त्याच ओळीत तुमच्या डिस्कचा आकार, उदाहरणार्थ ९०० जीबीच्या आसपास, असला तर डिस्क बसलेली आहे. तिरकी रेघ एकटीच असलेली ओळ म्हणजे आतली मेमरी. तिथे ९५ टक्क्यांहून जास्त वापर दिसला तर चोर सापडला असं समजा.

३. 'यूमाउंट /मीडिया/एचडीडी' द्या. डिस्क उतरते.

४. पुन्हा 'डीएफ -एच'. डिस्कची ओळ आता नसायला हवी.

५. आता 'एलएस -एल /मीडिया/एचडीडी/मूव्ही' द्या. डिस्क उतरलेली असूनही इथे '.टीएस' शेपटीच्या फाइली दिसल्या, तर त्या पोटातल्या आहेत. त्या पुसा. टाइमशिफ्टचा फोल्डरही पाहा.

६. 'रीबूट'.

सावधान: चौथी पायरी गाळून पाचवीत पुसायला घेतलं तर खरी रेकॉर्डिंग जातील. डिस्कची ओळ गेली नसेल, तर काहीतरी अजून तिला धरून आहे. तिथेच थांबा. काही इमेजमध्ये /मीडिया/एचडीडी हा फोल्डर नसून दुसऱ्या जागेकडे दाखवणारं नुसतं बोट असतं. तसं असेल तर ज्याकडे बोट आहे तिथे हेच करा.

डिस्क न बसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नाव बदलणं. फ्लॅशचा पेनड्राइव्ह मागच्या भोकात विसरला की तो 'एसडीए१' होतो आणि डिस्क 'एसडीबी१'. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे बसवायची ते सांगणाऱ्या फाइलीत) नावावरून डिस्क बसवली असेल तर बॉक्स पेनड्राइव्हलाच डिस्क समजतो. 'बीएलकेआयडी' आज्ञेने डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा आणि एफएसटॅबमध्ये नावाऐवजी तो लिहा. भोकं बदलली तरी तो बदलत नाही.

लाइट अचानक गेल्यानंतर रेकॉर्डिंग अडकायला लागली असतील तर डिस्क उतरवून 'एफएससीके' (डिस्कवरची मांडणी तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, बसलेल्या डिस्कवर कधीही नाही. 'डीएमईएसजी' (सिस्टिमचे संदेश दाखवणारी आज्ञा) मध्ये 'आय/ओ एरर' दिसत असेल तर स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहा. क्रमांक ५ आणि १९७ वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले. नुसता १९९ वाढत असेल तर आधी केबल बदला, डिस्क वाचेल.

आणखी एक: मेनूतून पुसलेलं रेकॉर्डिंग बऱ्याच इमेजमध्ये '.ट्रॅश' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातं. 'सगळं पुसलं तरी डिस्क भरलेलीच' याचं कारण हे. कचरापेटी रिकामी करा.

टप्पा ३: घड्याळ आणि टायमर

या इमेज युरोपात तयार होतात आणि नव्याने टाकल्या की घड्याळही बहुधा युरोपातलं असतं. किती चूक आहे त्यावरून कारण कळतं. रेकॉर्डिंग साडेतीन किंवा साडेचार तास सरकलेलं असेल तर टाइमझोन जर्मनीचा आहे, साडेतीन त्यांच्या उन्हाळ्यात आणि साडेचार हिवाळ्यात. साडेपाच तास सरकलेलं असेल तर जागतिक वेळ लागलेली आहे. टाइमझोन 'आशिया/कोलकाता' करा.

टायमरची फाइल वेळ 'अमुक वाजता' अशी ठेवत नाही, सेकंदांच्या जागतिक मोजणीत ठेवते. त्यामुळे टाइमझोन चुकीचा असताना हाताने लावलेले टायमर, टाइमझोन सुधारल्यावरही चुकीचेच राहतात. ते पुसून पुन्हा लावा. कार्यक्रमांच्या यादीवरून लावलेले टायमर बरोबर आणि हाताने लावलेले चुकलेले, असं दिसलं तर शंभर टक्के हेच.

बऱ्याच बॉक्सना घड्याळासाठी बॅटरी नसते. लाइट जाऊन आली की ते १९७० सालात जागे होतात आणि वेळ उपग्रहावरून किंवा इंटरनेटवरून घेतात. नेट चालू असेल तर वेळ इंटरनेटवरून घेण्याचा पर्याय निवडा. उपग्रहावरचा एखादा ट्रान्सपॉन्डर चुकीची वेळ पाठवत असला, तर त्यावर गेल्याक्षणी बॉक्सचं घड्याळ बिघडतं.

रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची सवय चांगली असली तरी टायमरला चालत नाही. बॉक्स 'डीप स्टँडबाय'मध्ये, म्हणजे जवळजवळ पूर्ण बंद, असताना पुढच्या रेकॉर्डिंगसाठी उठण्याची वेळ तो एका छोट्या चिपमध्ये लिहून ठेवतो. वीजच तोडली तर उठवणार कोण? वडीलधाऱ्यांच्या हाताला ते बटण लागणार असेल तर बॉक्स दुसऱ्या प्लगवर न्या. सांगून उपयोग होत नाही.

टायमर लावताना कार्यक्रमाच्या आधी ३ आणि नंतर १० मिनिटं जास्तीची ठेवा.

टप्पा ४: हिरवा पडदा आणि क्रॅश लॉग

हिरवा पडदा आला की लोक घाबरतात, पण एवढी स्पष्ट माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही. लॉग /होम/रूट/लॉग्ज मध्ये किंवा थेट /मीडिया/एचडीडी मध्ये सापडतो, नावात 'एनिग्मा२_क्रॅश' असतं. एफटीपीने (नेटवर्कवरून फाइली नेण्या-आणण्याची पद्धत) कॉम्प्युटरवर आणा. वरून वाचत बसू नका. 'ट्रेसबॅक' हा शब्द शोधा आणि तिथून खाली या. शेवटच्या ओळीत काय चुकलं ते असतं, तिच्या वरच्या दोन-चार ओळींत कुठे चुकलं ते.

*ओळींत 'प्लगिन्स/एक्स्टेन्शन्स' आणि पुढे एखादं नाव दिसलं* तर ते प्लगिन गुन्हेगार. त्याचा फोल्डर /यूएसआर/लिब/एनिग्मा२/पायथन/प्लगिन्स/एक्स्टेन्शन्स मध्ये असतो. नेहमीची चूक म्हणजे त्या फोल्डरचं नाव बदलून तिथेच ठेवणं. एनिग्मा२ तिथला प्रत्येक फोल्डर उघडून पाहतं, नाव काहीही असो. फोल्डर तिथून बाहेर हलवा, /होम/रूट मध्ये, आणि मग बॉक्स सुरू करा.

*शेवटच्या ओळीत 'मिसिंग पॅरेन्थेसीस इन कॉल टू प्रिंट' असं काहीतरी दिसलं* तर प्लगिन जुन्या पायथन २ (प्लगिन ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहितात ती) चं आहे आणि इमेज पायथन ३ ची. ओपनएटीव्ही ७ पासून आणि ओपनपीएलआय ९ पासून पायथन ३ आलं. सहाच्या काळातलं प्लगिन सातवर हाताने चढवलं की हाच निकाल. त्या प्लगिनची नवी आवृत्ती शोधा, नसेल तर सोडून द्या.

*ओळींत 'स्किन' दिसलं* तर पडद्याची सजावट फाटली आहे. 'इनिट ४' द्या, /ईटीसी/एनिग्मा२/सेटिंग्ज ही फाइल उघडा, 'प्रायमरी_स्किन' असलेली ओळ काढा, 'इनिट ३' द्या. बॉक्स मूळ सजावटीत उठेल.

सावधान: सेटिंग्जची फाइल बदलण्याआधी 'इनिट ४' हवंच. एनिग्मा२ बंद होताना स्वतःच्या आठवणीतली फाइल पुन्हा लिहून काढतं आणि तुमचा बदल पुसला जातो. 'मी बदललं, पण टिकत नाही' यामागे नव्वद वेळा हेच.

*ट्रेसबॅक नाहीच, आणि 'डीएमईएसजी'मध्ये 'आउट ऑफ मेमरी'* असेल तर रॅम संपली. कार्यक्रमांची यादी किती दिवसांची साठवायची तो आकडा कमी करा, दोन-चार प्लगिन काढा.

वेगवेगळ्या इमेजची पॅकेजं एकत्र करू नका. ओपनपीएलआयसाठी बांधलेलं ओपनएटीव्हीवर 'चढलं', म्हणजे चाललं असं नाही. मोठ्या आवृत्तीची उडीही 'ओपीकेजी अपग्रेड'ने (चालत्या इमेजवरच पॅकेजं नवी करणारी आज्ञा) मारू नका. सहावरून सातवर जायचं तर कोरी फ्लॅशच.

टप्पा ५: फ्लॅशची तयारी

वरच्या चारही टप्प्यांत काही सापडलं नाही, किंवा आतली मेमरी भरून फाइली खरोखर खराब झाल्या, तरच इथे या.

*मॉडेल.* बॉक्सखालचं लेबल वाचा आणि बॉक्सच्या, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या वेब इंटरफेसच्या माहितीच्या पानाशी ताडून पाहा. झेडजेमा एच९एस, एच९ ट्विन आणि एच९ कॉम्बो हे तीन वेगळे बॉक्स आहेत आणि त्यांच्या इमेजही वेगळ्या. दोन्हीकडचं जुळलं नाही तर बॉक्स नकली असण्याची शक्यता धरा. नकली बॉक्सवर अस्सलची इमेज चालेलच असं नाही, म्हणून आधीची चालणारी इमेज जपून ठेवा.

*बॅकअप, तीन वेगळे:* संपूर्ण इमेजचा, मेनूतून घेतलेला सेटिंगचा, आणि तिसरा हाताने, म्हणजे /ईटीसी/एनिग्मा२ हा अख्खा फोल्डर आणि एफएसटॅब एफटीपीने कॉम्प्युटरवर. पहिले दोन ज्या डिस्कवर आहेत तीच आजारी असू शकते. मोबाइलने ट्यूनरच्या सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा. दहा सेकंदांचं काम, पुढे तासभर वाचतो.

*पेनड्राइव्ह.* ४ ते १६ जीबी, फॅट३२, एकच पार्टिशन, एमबीआर (पार्टिशन मांडण्याची जुनी पद्धत) पद्धतीचं. ३२ जीबीच्या वरच्या पेनड्राइव्हला विंडोज स्वतःहून एक्सफॅट सुचवतं आणि जुने बूटलोडर ते वाचत नाहीत.

*झिप उघडणं.* इथे सगळ्यात जास्त जण अडकतात. झिप फाइल तशीच टाकून काही होत नाही, ती उघडावी लागते. विंडोजचं 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' झिपच्या नावाचा एक जादा फोल्डर तयार करतं आणि सगळा माल एक पायरी आत जातो. पेनड्राइव्ह उघडल्यावर पहिलं दिसायला हवं 'व्हूप्लस', त्याच्या आत 'सोलो२', आणि त्याच्या आत 'कर्नल', 'रूट', 'स्प्लॅश' अशा नावांनी सुरू होणाऱ्या फाइली. झेडजेमाला 'झेडजेमा' आणि आत 'एच९'. मधे दुसरं काही नाव आलं की बूटलोडर पुढे पाहतच नाही. शेवटी पेनड्राइव्ह 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा.

तपासा: झेडजेमासारख्या बॉक्सच्या फोल्डरमध्ये 'नोफोर्स' नावाची छोटी फाइल असते. पुढे बटण नसलेल्या बॉक्ससाठी तिचं नाव 'फोर्स' करतात, म्हणजे बॉक्स न विचारता फ्लॅश करतो. हे केलं असेल तर काम झाल्याबरोबर पेनड्राइव्ह काढायलाच हवा. तसाच राहिला तर दर वेळी सुरू होताना बॉक्स पुन्हा कोरा होतो.

टप्पा ६: फ्लॅश

१. हार्ड डिस्क काढून ठेवा. एक तर नाव बदलण्याचा घोळ टळतो, शिवाय पहिल्या सुरुवातीला बॉक्सला जुना बॅकअप सापडत नाही.

२. बॉक्स यूपीएसवर घ्या. लाइटची खात्री नसलेल्या संध्याकाळी हे काम करू नका.

३. मागचं बटण बंद. पेनड्राइव्ह लावा. बटण चालू.

४. पुढच्या पडद्यावर सूचना आली की बटण दाबा. काही मॉडेलमध्ये बटण आधीपासून दाबून धरावं लागतं.

५. हात लावू नका. दोन ते दहा मिनिटं लागतात, आणि मधे बराच वेळ काहीच हलत नाही.

६. पूर्ण झाल्याची खूण आली की वीज बंद, पेनड्राइव्ह बाहेर, वीज चालू. पहिली सुरुवात नेहमीपेक्षा रेंगाळते.

झेडजेमा एच७ आणि म्यूटंट एचडी५१ यांसारख्या ४के बॉक्समध्ये चार इमेजसाठी चार खण असतात. तिथे हे सगळं टाळा. चालती इमेज आहे तशी ठेवून नवी मेनूतूनच दुसऱ्या खणात टाका.

टप्पा ७: पहिली सुरुवात, आणि बॅकअपमधलं काय परत टाकायचं

'जुनी सेटिंग परत आणू का?' या प्रश्नाला उत्तर 'नाही'.

आधी टाइमझोन. मग ट्यूनर: एकच उपग्रह, ९३.५ पूर्व, युनिव्हर्सल एलएनबी, म्हणजे ९७५० आणि १०६००. स्कॅन. एक वाहिनी दहा मिनिटं पाहा. आता वीज बंद करून डिस्क लावा, सुरू करा, 'डीएफ -एच'ने ती बसल्याचं पाहा, आणि दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या. ते पुढे-मागे पळवून पाहा. बॉक्स या कोऱ्या अवस्थेत, एकाही प्लगिनशिवाय, दोन दिवस चालू द्या. इथेही बिघडला तर दोष वस्तूत आहे आणि कितीही इमेज बदलल्या तरी फरक पडणार नाही.

दोन दिवस सुरळीत गेले की हाताने घेतलेल्या बॅकअपमधून निवडून परत टाका:

'लेमडीबी' आणि 'बुके', 'युजरबुके' अशी नावं असलेल्या फाइली, म्हणजे वाहिन्यांची यादी, खुशाल टाका. 'इनिट ४' करून टाका आणि 'इनिट ३' द्या.

टायमरची फाइल टाकू नका, टायमर नव्याने लावा.

'सेटिंग्ज' ही फाइल वेगळ्या इमेजची किंवा जुन्या मोठ्या आवृत्तीची असेल तर अजिबात नाही. तिच्यात नसलेल्या प्लगिनची, फाटलेल्या सजावटीची, चुकीच्या डिस्कच्या पत्त्याची सगळी जुनी माहिती असते, आणि बिघाड परत येतो तो बहुधा तिच्याच पाठीवर बसून.

एफएसटॅबही जुना टाकू नका, यूयूआयडीची ओळ नव्याने लिहा.

प्लगिन इमेजच्या स्वतःच्या यादीतूनच घ्या, दिवसाला एक. पाच एकदम टाकली आणि हिरवा पडदा आला तर पाचांपैकी कोणत्यावर संशय घेणार?

टप्पा ८: फ्लॅशनंतर सुरूच होत नसेल तर

सगळं काढा: डिस्क, नेटची केबल, छत्रीची केबल. दुसरा पेनड्राइव्ह घ्या, शक्यतो जुना आणि लहान. दुसरं यूएसबी भोक वापरून पाहा, कारण काही बूटलोडर एकच विशिष्ट भोक वाचतात. अडॅप्टर दुसरा लावा, १२ व्होल्टचा, मूळच्याइतक्या किंवा जास्त अँपिअरचा आणि पिनची दिशा तीच असलेला.

तरीही नाही, आणि बॉक्सला सिरिअल पोर्ट असेल तर आरएस-२३२ केबलने कॉम्प्युटरला जोडा: वेग १,१५,२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. वीज चालू करताच ओळी पळायला लागल्या तर बूटलोडर जिवंत आहे आणि बॉक्स वाचण्यासारखा आहे. पेनड्राइव्ह सापडला नाही, फाइल सापडली नाही की खराब ब्लॉक लागले, हे त्याच ओळींत लिहिलेलं दिसतं. त्याप्रमाणे टप्पा ५ पुन्हा करा. एकही अक्षर येत नसेल तर घरी करण्यासारखं काही उरत नाही. दुरुस्तीला नेताना फक्त बॉक्स नेऊ नका, तोच अडॅप्टर आणि तोच पेनड्राइव्ह पिशवीत असू द्या.